फेन्ना उब्बेन्स आणि वेनुमचं नाव

वेनुम गावाचं पोस्ट म्हणजे फेन्ना उब्बेन्सच्या घरातली रस्त्याकडची खोली. एक लाकडी खिडकी, एक तराजू, तिकिटांचा कप्पा आणि गावाच्या नावाचा शिक्का. हे काम आधी तिच्या वडिलांकडे होतं. ते वारले तेव्हा फेन्ना सत्तावीस वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रं आली, ती कुणीतरी उतरवून घ्यायला हवी होती, म्हणून तिनं घेतली. मग पुढची तेहतीस वर्षं तीच घेत राहिली.

लग्न राहूनच गेलं. एक खलाशी होता. त्याची दोन पत्रं आली, तिसरं आलं नाही. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, पण बत्तीस घरांच्या गावात सांगावं लागतं कुठे? घरात ती आणि तिचा थोरला भाऊ हार्को असे दोघंच. हार्कोनं सगळा जन्म समुद्राच्या बांधावर माती आणि दगड टाकण्यात घालवला होता. आता गुडघे गेले होते, आणि तो खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची टर उडवायचा.

गावाच्या पाठीशी बांध, बांधापलीकडे एम्स नदीचं रुंद, करडं मुख. मधोमध थोड्याशा उंचवट्यावर चर्च. परका माणूस गावात आला की एक प्रश्न हमखास विचारायचा, कारण तिकडच्या भाषेत 'वेनन' म्हणजे रडणं. "हे काय नाव हो तुमच्या गावाचं?" शेजारच्या गावचे लोक तर बाजारात भेटले की विचारायचे, "काय वेनुमकर, आज रुमाल आणलात का?" असा प्रश्न कुणी विचारला की गावकरी त्याला पोस्टात पाठवून द्यायचे.

फेन्ना मग चष्मा काढून ठेवायची आणि वडिलांनी तिला सांगितलं तसं सांगायची. अडीचशे वर्षांपूर्वी ख्रिसमसच्या पहाटे समुद्र आत आला. एका बाईची सात लेकरं वाहून गेली. पाणी ओसरल्यावर ती बाई चर्चच्या उंचवट्यावर तीन दिवस बसून रडली. तिचं रडणं ऐकून वाचलेली माणसं चिखल तुडवत तिच्यापाशी आली, तिच्याभोवती त्यांनी घरं बांधली, आणि गाव झालं. "म्हणजे आमचं गाव रडण्यातून उभं राहिलंय," ती म्हणायची. "हसायचं तर हसा."

हसत कुणी नसे. तिच्या सांगण्यात तसं काही असे.

१९७०च्या शरद ऋतूत गावच्या कॅफेत सभा बोलावली गेली. प्रांताच्या ठिकाणाहून स्टोफर्स नावाचे एक अधिकारी आले. अंगात चांगला कोट, बोलणं मऊ. त्यांनी भिंतीवर भलामोठा नकाशा टांगला. बंदर वाढणार होतं. ॲल्युमिनियमचा, रसायनांचा, आणखी कसले कसले मोठे कारखाने येणार होते, हजारो माणसांना काम मिळणार होतं. त्यासाठी बांधामागची जमीन लागणार होती. वेनुमच्या लोकांना डेल्फझाइल शहरात नव्या इमारतींमध्ये घरं मिळतील. गरम पाणी, न्हाणीघर, सगळं.

लोहार स्मिटची बायको आल्टिना तेवढी म्हणाली, "गरम पाण्याचं ठीक आहे, पण माझ्या कोंबड्या तिसऱ्या मजल्यावर चढतील का?" लोक हसले. स्टोफर्सही हसले.

फेन्ना मात्र उठून नकाशाजवळ गेली. नाक टेकेल इतक्या जवळ जाऊन तिनं बोटानं बांधाची रेघ धरली आणि हळूहळू खाली आली. चर्चच्या जागी काहीच नव्हतं. गावाच्या जागी एक चौकोन होता आणि त्यात लिहिलं होतं: 'क्षेत्र ७'.

"साहेब, यात आमचं नाव नाही."

"हा नवा नकाशा आहे, बाई."

"नवा आहे ते दिसतंय. पण आम्ही अजून इथे बसलोय ना!"

स्टोफर्स जरा ओशाळले. वाईट माणूस नव्हता तो. कागद चाळत म्हणाले, "हे बघा, गावाला काही ऐतिहासिक महत्त्व आहे असं कुणाला वाटत असेल तर लेखी हरकत घेता येते. जानेवारीअखेरपर्यंत. पुराव्यासकट मात्र."

आता हे ते नुसतं बोलायचं म्हणून बोलले की काय, देव जाणे. फेन्नानं ते वाक्य घट्ट धरलं.

घरी येताना हार्को काठी टेकत म्हणाला, "काय पुरावा देणार आहेस? त्या बाईची आसवं बाटलीत भरून ठेवली होती का बाबांनी?"

"तू गप्प बस. नाव जुनं असेल तर गाव जुनं. गाव जुनं असेल तर त्याला हात लावता येत नाही. जुन्या चर्चला नाही का सरकार तशी पाटी लावत?"

"चर्चला लावतात. लोहाराच्या कोंबड्यांना लावत नाहीत."

तरी दुसऱ्या दिवशी त्यानंच तिला शाईची दौत काढून दिली.

तिनं ग्रोनिंगन शहरात पत्र पाठवलं. गावांच्या नावांचा अभ्यास करणारे एक डॉक्टर रोल्फसेमा तिथल्या जुन्या कागदपत्रांच्या कचेरीत बसायचे, त्यांना. पत्रावर शिक्का मारताना तिनं तो दोनदा दाबला. आठवडाभरात उत्तर आलं: नाव रंजक आहे, आपण या, एकत्र पाहू.

त्या हिवाळ्यात फेन्ना दर गुरुवारी पोस्टाची खिडकी दुपारी बंद करून बस पकडायची, मग आगगाडी. पिशवीत काळ्या पावाचे दोन तुकडे आणि चीज. रोल्फसेमा उंच, वाकलेले, सर्दीनं कायम नाक ओढणारे गृहस्थ होते. तिला जुनी अक्षरं वाचता येत नसत. डॉक्टर बोट फिरवत वाचायचे आणि ती शेजारी बसून ऐकायची. इतकी वर्षं जगाची पत्रं तिच्या हातातून गेली होती, पण आपल्या गावानं जगाला काय लिहिलं होतं हे ती पहिल्यांदाच ऐकत होती. त्या गुरुवारांत ती सुखी होती. हार्को म्हणायचा, "पावडर लावून चाललीस? डॉक्टरांना बायको आहे म्हणे." ती खरंच पावडर लावायची.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना पहिला कागद सापडला. कोणत्या गावानं बांधाचा किती तुकडा राखायचा याची १४६८ची यादी. त्यात वेनुमचं नाव होतं. फेन्नानं खुर्चीचा हात घट्ट धरला.

"पाचशे वर्षं!" ती म्हणाली.

"पाचशे वर्षं," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी रुमालानं नाक पुसलं. "पण उब्बेन्सबाई, तुमचा तो पूर सतराशे सतराचा. नाव त्याच्या अडीचशे वर्षं आधीच आहे. म्हणजे ती रडणारी बाई..."

"ती नव्हतीच?"

"रडली असेल. रडणाऱ्या बायका काय कमी होत्या त्या पुरात! पण नाव तिच्यावरून नाही. शेवटचं 'उम' म्हणजे घर. आणि 'वेन' हे माणसाचं नाव असावं. वेनो. वेनोचं घर."

"कोण वेनो?"

"कोण जाणे. इथे पहिल्यांदा घर बांधणारा कुणीतरी. त्याच्याबद्दल कुठे काही लिहिलेलं नाही, आणि सापडेल असंही वाटत नाही."

फेन्ना गाडीत बसून परत आली. वाटेत सगळी शेतं गोठलेली. लहानपणापासून चर्चच्या उंचवट्यावरून जाताना ती त्या बाईसाठी पाऊल हळू टाकायची. आता तिथे कुणी नव्हतं.

वाटाण्याचं सूप वाढताना तिनं हार्कोला सांगितलं. तो चमचा खाली ठेवून बराच वेळ हसला. "म्हणजे जन्मभर आपण एका बाईचे, आणि निघालो कुणा वेनोचे! कळवलंस का त्याला, तुझं घर पाडतायत म्हणून?" मग तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "अगं, पण पाचशे वर्षं आहेत ना? ती लिही. बाई गेली तर गेली."

हे तिला पटलं. हरकतीचा अर्ज तिनं लिहायला घेतला. मुदतीला दहा दिवस असताना ती शेवटची ग्रोनिंगनला गेली. डॉक्टरांनी त्या दिवशी तिला कॉफी आधी दिली आणि कागद मागाहून.

बांध राखणाऱ्या मंडळाचा तो ठराव होता, पुरानंतर दोन वर्षांनी केलेला. डॉक्टरांनी सावकाश वाचला. जुनं वेनुम वाचवण्यासारखं उरलेलं नाही, ते समुद्राला सोडून द्यावं. नवा बांध अर्धा तास चालण्याइतका आत घालावा. उरलेल्या माणसांनी आपली लाकडं, विटा आणि चर्चची घंटा घेऊन बांधाच्या आत यावं, आणि नव्या जागेला जुनंच नाव द्यावं.

"म्हणजे?" फेन्नानं विचारलं, तिला कळलं होतं तरी.

"म्हणजे यादीतलं वेनुम आज बांधाबाहेर, चिखलाखाली आहे. तुम्ही राहता ते नंतरचं. नाव तेवढं उचलून आणलेलं."

"आणि चर्चचा उंचवटा?"

"गाड्यांनी माती आणून केलेला. त्याचाही उल्लेख आहे." डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले. "बाई, अर्जाला पहिला कागद पुरेसा आहे. हा दुसरा जोडायलाच हवा असं कुठे लिहिलेलं नाही."

त्या आठवड्यात घरात यावरून मोठी धुसफूस झाली. हार्कोचं म्हणणं सरळ होतं. "तो कागद चुलीत घाल. तो तुला सापडलाच नाही."

"सापडला ना पण."

"डॉक्टर स्वतः सांगतोय जोडू नकोस म्हणून, आणि तू त्याच्याहून शहाणी?"

"एकतीस वर्षांत या घरात आलेलं एकही पत्र मी मागे ठेवलं नाही, हार्को. नवरा मेल्याचं पत्र दिलं, मुलगा तुरुंगात गेल्याचं दिलं. आल्टिनाच्या बहिणीचं ते घाणेरडं पत्रसुद्धा दिलं. आलेलं पत्र आपल्याला आवडलं नाही म्हणून दाबायचं, तर मग मी इथे काय करत होते इतकी वर्षं?"

"हे पत्र नाहीये गं, फेन्ने. हा आपल्या गळ्यातला फास आहे."

तिनं दोन्ही कागद जोडले. वरून पाकिटावर गावाचा शिक्का मारला.

मार्चमध्ये सुनावणी झाली. वेनुमची चौदा माणसं चर्चला जायचे ठेवणीतले कपडे घालून बसनं गेली. समितीची पाच माणसं लांब टेबलामागे बसली होती, स्टोफर्स कडेला. फेन्नानं अर्ज वाचला. तिनं एकही ओळ गाळली नाही. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं, दोन्ही कागद उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "उब्बेन्सबाई, इतका नीट, इतका प्रामाणिक अर्ज आमच्याकडे आजवर आलेला नाही."

चौदा माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. आल्टिनानं फेन्नाचा हात दाबला.

"पण तुमचाच पुरावा सांगतो," अध्यक्ष पुढे म्हणाले, "की खरं जुनं वेनुम केव्हाच गेलं. आजची वस्ती त्या मानानं अलीकडची, आणि तीही एका जागेवरून उठून दुसरीकडे वसलेली. तुमचे पूर्वज नाव बरोबर घेऊन आले. तुम्हीही ते घेऊन जाऊ शकता. त्याला कुणाचीच हरकत नाही."

दाराबाहेर आल्यावर आल्टिना तिच्याशी बोलली नाही. बसमध्ये ती दुसऱ्या बाकावर बसली. गाव जवळ आल्यावर मात्र तिला राहवेना. "तुला कुणी सांगितलं होतं तो कागद शोधायला? आम्ही म्हणालो होतो? आमची ती रडणारी बाई बरी होती की! तिनं कुणाचं घर घालवलं नव्हतं."

हार्को मागून म्हणाला, "आल्टिना, तो नकाशा सुनावणीच्या आधीच छापला होता. विसरलीस?"

"तू तिची बाजू घेणारच."

बहुधा हार्कोचंच खरं असेल. कागद जोडला नसता तरीही क्षेत्र सात हे क्षेत्र सातच राहिलं असतं. पण 'बहुधा' या शब्दावर माणसाला झोप लागत नाही. गावातल्या निम्म्या लोकांनी पुढे तिकिटं शहरातून आणायला सुरुवात केली.

दोन वर्षांत गाव रिकामं झालं. एकेक घर सुटलं की त्याच आठवड्यात यंत्र येऊन ते पाडायचं, म्हणजे कुणी परत येऊन राहू नये. लोहाराची भट्टी गेली, कॅफे गेला. १९७३च्या मे महिन्यात पोस्टखात्याचा माणूस येऊन तराजू आणि शिक्का घेऊन गेला, तिच्याकडून सही घेतली. त्यानं गमतीनं विचारलं, "शेवटचा ठसा हवाय का आठवण म्हणून?" ती म्हणाली, "कशावर मारू? पत्र कुठे आहे?"

डेल्फझाइलला त्यांना तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. गरम पाणी खरंच होतं. नव्या वस्तीतल्या एखाद्या रस्त्याला वेनुमचं नाव द्यावं म्हणून फेन्नानं नगरपालिकेला पत्र टाकलं. उत्तर सभ्य होतं. या वस्तीतल्या रस्त्यांना पक्ष्यांची नावं द्यायचं आधीच ठरलं आहे, एका रस्त्यासाठी पद्धत मोडता येत नाही. फेन्ना आणि हार्को टिटवीच्या रस्त्यावर राहत होते.

त्याच वर्षाच्या अखेरीला तेल महागलं. जगभर कारखाने थांबले, आणि वेनुमच्या जागेवर येणारी कंपनी आलीच नाही. वर्षभर लोक म्हणायचे, आज येईल, उद्या येईल. मग म्हणायचं सोडून दिलं. तिथे वाळू टाकून जमीन उंच केली होती, तिच्यावर गवत माजलं. चर्च पाडलेलं, पण त्याच्या मागची कबरस्तानाची जागा तशीच होती, कुंपणाच्या आत.

एका रविवारी ती आणि हार्को बसनं जाऊन कुंपणापाशी उभे राहिले. आत कुणाच्या तरी मेंढ्या चरत होत्या.

"कारखाना नाही तर परत जाता येईल का, विचारू या का?" फेन्ना म्हणाली.

"कशात जाऊन राहणार? मेंढीत?"

तरी तिनं विचारलं. जमीन उद्योगासाठी राखीव आहे, असं उत्तर आलं. ते पत्र तिनं हार्कोला वाचून दाखवलं तेव्हा तो हसला नाही. तिसऱ्या मजल्यावर गेल्यापासून तो फारसा कुणाची टर उडवत नसे. खिडकीखालून जाणारी माणसं त्याच्या ओळखीची नव्हती. ओळख नसलेल्याला काय चिडवणार? हळूहळू तो कॉफी नुसती हातात धरून बसायला लागला. ती थंड व्हायची, फेन्ना दुसरी करून द्यायची, तीही थंड व्हायची.

१९७५च्या फेब्रुवारीत तो गेला. छातीत पाणी झालं होतं. जायच्या आधी दोन दिवस त्यानं तिला बजावलं होतं, "मला आई-बाबांशेजारी टाक. तिथे जागा आहे, मीच मोजून ठेवलीय."

फेन्ना बंदराच्या कचेरीत गेली. तिथल्या तरुण कारकुनानं तिला बसायला खुर्ची दिली, फोन केले, पुन्हा फोन केले. मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, ते कबरस्तान बंद झालंय. त्या क्षेत्रात नवं दफन करता येत नाही. मला खरंच वाईट वाटतं."

"तो नवा नाहीये," फेन्ना म्हणाली. "तो तिथलाच आहे."

पण त्याला तरी काय करता येणार होतं?

हार्कोला शहराच्या नव्या कबरस्तानात पुरलं. एका बाजूला कुणी शिक्षक, दुसऱ्या बाजूला रिकामी जागा. वेनुमची सहा माणसं आली. आल्टिनाही आली, तिनं फेन्नाच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेली.

दगडावर काय कोरायचं हे ठरवायला फेन्ना पाथरवटाकडे गेली. नाव, जन्म, मृत्यू, आणि 'जन्मगाव वेनुम' असं तिनं कागदावर लिहून नेलं होतं. पाथरवट सत्तरीचा, बहिरट माणूस होता. त्यानं कागद डोळ्यांजवळ धरला.

"हे कुठलं गाव?"

"होतं. बांधामागे."

"बरं. नीट सांगा हं, दगडात खोडता येत नाही. यात 'वे' लिहायला 'ए' हे अक्षर एक की दोन?"

फेन्ना सांगायला गेली आणि थांबली. शिक्क्यावर दोन होते. १४६८च्या यादीत एक होता. मंडळाच्या ठरावात तर एकाच पानावर एकदा एक, एकदा दोन, आणि एका ठिकाणी भलतंच काहीतरी होतं. डॉक्टर रोल्फसेमांनी सांगितलं होतं की वेनोच्या नावात एकच असावा, पण तेही नक्की नाही. स्टोफर्सच्या नकाशावर तर एकही नव्हता.

"एक की दोन?" पाथरवटानं जरा मोठ्यानं विचारलं. त्याला वाटलं तिलाही ऐकू येत नाही.

त्याच्या दुकानात बरेच कोरे दगड भिंतीला टेकून उभे होते. फेन्ना त्यांच्याकडे बघत राहिली.

"ती ओळ राहू द्या," ती म्हणाली. "नुसतं नाव घाला."

"तारखा?"

"तारखा घाला."

त्यानं पेन्सिलीनं ती ओळ खोडली.

त्यानंतर ती नऊ वर्षं जगली. त्यातली शेवटची चार म्हाताऱ्यांच्या आश्रमात. तिथे सकाळी अंथरूण बदलायला येणाऱ्या बायका बोलायच्या म्हणून विचारायच्या, "तुम्ही मूळच्या कुठल्या, उब्बेन्सबाई?"

"इथलीच," ती म्हणायची, आणि चादर बदलून होईपर्यंत पाय उचलून धरायची.